सरकारी चित्र फुकटचे नसते : कपडा व्यापारी आणि कारीगरांसाठी कॉपीराइटचा एक धडा

आपल्या कारोबारात माल चोरीला गेला तर तो दिसतो. गाळ्यातली दोन थाने कमी झाली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात बोभाटा होतो. पण एखाद्याचे चित्र उचलले तर ती चोरी कोणालाच दिसत नाही. उचलणाऱ्यालाही ती चोरी वाटत नाही. मलाही वाटली नव्हती.

काही वर्षांपूर्वी मी हिमरू पद्धतीच्या शाली आणि स्टोल विकायला सुरुवात केली. मालाच्या खोक्यावर बीबी का मकबऱ्याचे चित्र असावे, असे मनात आले. छापखानेवाल्याकडे एका सरकारी कचेरीने काढलेले कॅलेंडर भिंतीवर लटकत होते. त्यात मकबऱ्याचा सुरेख फोटो होता. मी विचारले, "हा घेतला तर चालेल का?" तो म्हणाला, "शेठ, सरकारी आहे. सरकारी म्हणजे जनतेचे. कोण विचारतो?" मी तीन हजार खोकी छापून घेतली.

दोन महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. फोटो काढणाऱ्याने तो त्या कचेरीला फक्त कॅलेंडरसाठी आणि फक्त एका वर्षासाठी दिला होता. तसा लेखी करार होता. उरलेली खोकी थांबवावी लागली, छपाईचा पैसा बुडाला, वर भरपाई द्यावी लागली, आणि ऐन ईदच्या हंगामात माल साध्या पिशव्यांत घालून पाठवावा लागला. माझे शिक्षण उर्दू शाळेतले. कायद्याची इंग्रजी माझ्या आवाक्याबाहेरची. म्हणून वकिलाकडे चार-पाच वेळा बसून एक-एक कलम समजून घेतले. जे समजले ते आज मांडतो आहे. कोणावर खटला गुदरलाच तर सल्ला वकिलाचाच घ्यावा. पण खटल्यापर्यंत जाऊच नये, एवढे ज्ञान प्रत्येक दुकानदाराकडे असायला हवे.

हक्क कधी निर्माण होतो?

आपल्या देशात कॉपीराइट कायदा 1957 सालचा आहे. तो जानेवारी 1958 पासून लागू झाला आणि त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. शेवटची मोठी दुरुस्ती 2012 साली झाली. या कायद्याने चित्र, रेखाटन, फोटो, लिखाण, नकाशा या सर्वांना संरक्षण मिळते. संरक्षणासाठी नोंदणी करावी लागत नाही. चित्र काढले किंवा फोटो टिपला, त्याच क्षणी हक्क निर्माण होतो. फोटोच्या कोपऱ्यात नाव किंवा खूण नाही म्हणजे तो बेवारस आहे, असा समज आपल्याकडे सर्रास आहे. तो चुकीचा आहे.

दुसरा गैरसमज म्हणजे "मोबाईलवर आले, मी पुढे पाठवले, यात माझा काय दोष?" स्वतःच्या अभ्यासासाठी, टीकेसाठी किंवा बातमीसाठी थोडा वापर कायद्याने माफ आहे. पण कॅटलॉग, लेबल, खोके, जाहिरात हा धंद्यासाठी केलेला वापर आहे. तिथे ही सवलत मागता येत नाही.

सरकारी काम कोणाचे?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. "सरकारी म्हणजे सर्वांचे" हा नियम खरोखर एका देशात आहे, तो म्हणजे अमेरिका. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकरांनी नोकरीचा भाग म्हणून जे फोटो, नकाशे, अहवाल तयार केले, त्यांवर तिथल्या कायद्याने कॉपीराइट नसतो. इंटरनेटवर मोकळी मिळणारी पुष्कळ सरकारी चित्रे अमेरिकेची असतात. त्यावरून आपल्या लोकांना वाटते की सगळीकडे असेच असेल.

हिंदुस्थानातला कायदा वेगळा आहे. सरकारने किंवा त्याच्या खात्याने स्वतः केलेल्या, किंवा आपल्या देखरेखीखाली करवून घेतलेल्या वा प्रसिद्ध केलेल्या कामाचा पहिला मालक सरकारच असते. मात्र "वेगळा करार नसेल तर" अशी अट त्यात आहे. माझ्या बाबतीत वेगळा करार होता, म्हणून मालक फोटोग्राफर निघाला. करार नसता तर मालक सरकार ठरले असते. दोन्ही हिशेबांत मी मालक नव्हतो, आणि मी परवानगी कोणाचीच घेतली नव्हती.

ही मालकी प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षे चालते. 1960 साली निघालेल्या सरकारी पुस्तकाचा हक्क 31 डिसेंबर 2020 रोजी संपला, आणि 1 जानेवारी 2021 पासून ते सर्वांना खुले झाले. त्यानंतरच्या पुस्तकांचा हिशेब याच पद्धतीने मांडावा. सरकारी महामंडळांच्या कामालाही हाच 60 वर्षांचा नियम आहे.

काही सरकारी गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून मोकळ्या आहेत. राजपत्रात छापलेला मजकूर, न्यायालयांचे निकाल आणि हुकूम, विधिमंडळापुढे ठेवलेले सरकारी समित्यांचे अहवाल यांच्या प्रती काढायला हरकत नाही. निकाल किंवा अहवाल छापण्यास खास मनाई केलेली असेल तर गोष्ट वेगळी. कायद्याचा मूळ मजकूरही छापता येतो, पण सोबत आपले स्पष्टीकरण किंवा दुसरा मूळ मजकूर जोडावा लागतो. तेव्हा जीएसटीची अधिसूचना राजपत्रातून घेऊन बाजारात वाटली, तिच्यावर मराठीत किंवा उर्दूत खुलासा लिहिला, तर कोणी अडवणार नाही. व्यापारी संघटनांनी हे काम जरूर करावे.

याखेरीज पुष्कळ सरकारी खात्यांनी आपल्या संकेतस्थळांवर स्वतःचे धोरण लिहून ठेवले आहे. बहुतेक ठिकाणी सर्वात खाली "कॉपीराइट धोरण" असा दुवा असतो. काही खाती म्हणतात की मजकूर जसाच्या तसा घ्या, दिशाभूल करू नका आणि आमचे नाव द्या. काही खाती आधी परवानगी मागायला सांगतात. त्याच ठिकाणी बहुधा एक ओळ अशीही असते, की दुसऱ्या कोणाची मालकी असलेल्या साहित्याला ही मुभा लागू नाही. माझे तीन हजार खोक्यांचे नुकसान या एका ओळीत मावते. 2017 साली केंद्र सरकारने खुल्या सरकारी माहितीसाठी एक परवाना जाहीर केला. त्याखाली दिलेली आकडेवारी नाव देऊन धंद्यासाठीही वापरता येते. पण राजचिन्हे आणि खात्यांची बोधचिन्हे त्यातून वगळलेली आहेत.

जुना सरकारी खजिना

साठ वर्षांचा नियम आपल्याला अडवतो तसा उपयोगीही पडतो. एक उदाहरण प्रत्येक कपडेवाल्याने ऐकावे असे आहे. 1866 साली लंडनच्या इंडिया म्युझियममधील जॉन फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडाच्या नमुन्यांचे 18 खंड तयार केले. त्यांत 700 नमुने होते आणि तेही चित्रे नव्हेत, प्रत्यक्ष कापडाचे तुकडे. लुंगी, साडी, पगडीचे कापड, मलमल, किनखाब असे सगळे प्रकार त्यात होते, लांबी-रुंदी आणि वजनाच्या नोंदींसह. असे 20 संच बनवले. त्यांपैकी 13 विलायतेत आणि 7 हिंदुस्थानात ठेवले. विलायतेतल्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानी गिऱ्हाइकाची आवड कळावी आणि तसा माल तिथे बनावा, हा हेतू उघड होता.

ज्या विणकरांच्या हातची ती नक्षी होती त्यांना कोणी विचारले नाही. विचारायला लावणारा कायदाही त्यांच्या हाती नव्हता. आज त्या खंडांवर कोणाचा कॉपीराइट उरलेला नाही. त्यातली एखादी किनार किंवा चौकडा आपल्या मागावर घ्यायला आपण मोकळे आहोत. एकोणिसाव्या शतकात निघालेली मुंबई इलाख्याची गॅझेटिअर्स आणि 1900 साली निघालेला एडवर्ड्स यांचा मुंबई इलाख्यातील रेशमी कापडावरचा अहवाल याच वर्गात येतो. त्यांत विणकाम, रंगाई आणि त्या काळचा कपड्याचा बाजार यांची माहिती आहे. आपल्या तरुणांनी ती वाचावी.

फक्त एक सावधगिरी बाळगावी. जुन्या वस्तूचा एखाद्या संग्रहालयाने अलीकडे काढलेला फोटो ही निराळी बाब आहे. वस्तू जुनी असली तरी फोटो नवा असतो. संग्रहालयाच्या अटी पाहिल्याशिवाय तो कॅटलॉगवर छापू नये. जुनी नक्षी पाहून आपल्या कारीगराकडून नव्याने काढून घेतली, तर हा प्रश्नच येत नाही.

फोटोचा मालक कोण?

फोटोच्या मालकीबद्दल आपल्या बाजारात फार गोंधळ आहे. नियम असा आहे :

पैसे देऊन कोणाकडून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास मालक फोटो काढवून घेणारा असतो. पगारी नोकराने नोकरीचे काम म्हणून काढला तर मालक धनी असतो. याशिवाय इतर वेळी फोटोग्राफरच मालक. मात्र बिलाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. पुष्कळ स्टुडिओ तिथे "हक्क आमच्याकडे राहतील" असे छापतात, आणि तोच वेगळा करार मानला जाऊ शकतो.

दुसऱ्याकडून हक्क विकत घ्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशीच मिळतो. तोंडी बोलण्याला किंमत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त हिंदुस्थान. जो माल दुबईला पाठवतो त्याने ही गोष्ट खास ध्यानात ठेवावी.

मुदतीबाबत 2012 साली मोठा बदल झाला. पूर्वी फोटोचा हक्क प्रसिद्धीपासून 60 वर्षे चाले. ते कलम काढून टाकले. आता चित्राप्रमाणेच फोटोचा हक्कही काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो. राजा रविवर्मा 1906 साली वारले, त्यांची चित्रे केव्हाच मोकळी झाली. एम. एफ. हुसेन 2011 साली वारले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2071 च्या अखेरपर्यंत राहील. हुसेनच्या घोड्यांची साडी छापणाऱ्याने हे गणित आधी करावे. परदेशात मुदती वेगळ्या आहेत. विलायत, युरोप आणि बहुतांशी अमेरिका इथे मृत्यूनंतर 70 वर्षे धरतात. इथे मोकळे झालेले चित्र तिथल्या बंदरात अडू शकते.

इमारतीचे काय? मकबऱ्यासारख्या जुन्या वास्तूवर कोणाचा कॉपीराइट नाही. आजच्या इमारतीचा किंवा चौकात कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढायलाही कॉपीराइट कायदा आडवा येत नाही. पण दुसऱ्याने काढलेला फोटो त्याचा आहे. मकबरा सर्वांचा, फोटो मात्र एकाचा.

घाऊक व्यापारी व्हॉट्सअॅपवर आपल्या साड्यांचे फोटो पाठवतो, ते त्याचा माल खपवण्यासाठी. तेवढ्यासाठी ते पुढे पाठवायला त्याची मूक संमती असते. तोच फोटो दाखवून सुरतेचा दुसरा हलका माल गळ्यात मारणे म्हणजे फोटोच्या मालकाचा हक्क डावलणे, आणि गिऱ्हाइकाची फसवणूकही. असले व्यवहार आपल्या बाजारात होतात, हे कबूल करावे लागेल.

आपली नक्षी आपल्याच हाताने घालवू नका

आतापर्यंत दुसऱ्याच्या हक्काबद्दल बोललो. आता कारीगर बांधवांच्या हक्काबद्दल सांगतो, कारण इथे नुकसान आपले होते आणि ते कळतही नाही.

समजा, एखाद्याने साडीच्या पल्लूसाठी नवी नक्षी काढली. कागदावरच्या चित्राला कॉपीराइट आहे. पण कायद्याचे कलम 15 म्हणते की जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती नक्षी यंत्राने किंवा कारखानदारी पद्धतीने 50 पेक्षा जास्त नगांवर उतरली की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. पॉवरलूमवर 50 नग ही किती दिवसांची बाब आहे, ते मालेगाव-भिवंडीच्या माणसाला सांगायला नको. 2009 साली दिल्ली उच्च न्यायालयाने सोफ्याच्या कापडावरील डिझाइनच्या एका खटल्यात हेच धरले. मूळ चित्र कलाकृती असले तरी कापडावर नोंदणीविना 50 च्या वर छापले गेल्याने नक्कल रोखता आली नाही.

उपाय म्हणजे डिझाइन कायदा 2000 खाली नोंदणी. नोंदणी 10 वर्षांसाठी मिळते, ती पुढे 5 वर्षांनी वाढवता येते. मुख्य कचेरी कोलकात्याला असली तरी अर्ज मुंबईतही देता येतो. एकट्या कारीगराला आणि लहान उद्योगाला अर्जाची सरकारी फी एक हजार रुपये आहे.

पण अट कडक आहे. अर्जाच्या दिवसापर्यंत ती नक्षी देशात किंवा परदेशात कुठेही उघड झालेली नसावी. आपण काय करतो? माग उतरला की त्याच संध्याकाळी फोटो दहा ग्रुपवर टाकतो. "नवीन डिझाइन, बुकिंग चालू." त्या फोटोने नक्षी उघड झाली. मग नोंदणी झाली तरी समोरचा तोच फोटो, त्याच तारखेसह, पुरावा म्हणून आणून ती रद्द करवू शकतो. म्हणून आधी अर्ज करावा आणि मग फोटो टाकावा. खात्रीच्या गिऱ्हाइकाला आधी दाखवायची वेळ आलीच तर गुप्त ठेवण्याचे लिहून घ्यावे. प्रत्येक बुट्ट्यासाठी हा खटाटोप करावा असे नाही. ज्या नक्षीवर हंगाम चालणार असे वाटते, तिच्यासाठी तरी करावा.

नोंदवलेल्या नक्षीची नक्कल करणाऱ्याकडून प्रत्येक वेळेस 25 हजारांपर्यंत, आणि एका डिझाइनमागे एकूण 50 हजारांपर्यंत रक्कम वसूल करता येते, किंवा तिच्याऐवजी नुकसानभरपाईचा दावा करता येतो. रक्कम थोडी वाटेल. पण न्यायालयाचा मनाईहुकूम मिळतो, तो अधिक मोलाचा आहे.

पैठणीवरचा बांगडी मोर, असावली, किंवा साधी कैरी ही परंपरेची ठेव आहे. ती नवी म्हणून कोणी नोंदवू शकत नाही, आणि वापरणाऱ्याला कोणी अडवूही शकत नाही. मात्र "पैठणी" किंवा "सोलापुरी चादर" ही नावे भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंदलेली आहेत. नक्षी मोकळी असली तरी ते नाव वाटेल त्या मालावर लावता येत नाही.

खुणा आणि लेबले

चार सिंहांचे राजचिन्ह मालावर किंवा लेबलावर वापरायला 2005 च्या कायद्याने मनाई आहे. 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्याखाली महात्मा गांधी आणि छत्रपती शिवाजी महाराज यांचे नाव वा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारी कामासाठी वापरता येत नाही. इथे चित्र किती जुने हा प्रश्नच नसतो. 2006 साली सुरू झालेला हँडलूम मार्क इंटरनेटवरून उतरवून पॉवरलूमच्या मालावर चिकटवणे हाही गुन्ह्याला आमंत्रण देणारा प्रकार आहे. ती खूण नोंदणी केलेल्यांनीच वापरायची असते.

शिक्षा आणि सावधगिरी

जाणूनबुजून कॉपीराइट मोडणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे पोलीस थेट गाळ्यावर येऊन माल जप्त करू शकतात. उलट, कोणी खोटी धमकी देऊन पैसे उकळत असेल तर त्याच कायद्याच्या कलम 60 खाली न्यायालयात दाद मागता येते. नोटीस आली म्हणून घाबरून लगेच पैसे देऊ नयेत, आणि ती फाडूनही टाकू नये.

रोजच्या कामासाठी मी एवढे नियम ठरवले आहेत :

1. चित्र छापण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : काढले कोणी, प्रसिद्ध केव्हा झाले, आणि कोणत्या अटीवर दिले. उत्तर मिळाले नाही तर ते छापू नये.
2. सरकारी चित्र असेल तर त्या खात्याचे धोरण वाचावे, त्याची छापील प्रत फाइलला लावावी आणि फोटोग्राफर बाहेरचा आहे का, ते पाहावे.
3. फोटोग्राफर आणि ग्राफवर डिझाइन काढणारा, दोघांकडून हक्काचा कागद घ्यावा. त्यात मुदत, देश आणि रक्कम लिहावी.
4. छापखान्याला चित्र आपण द्यावे. त्याला "कुठूनतरी शोधून लाव" असे सांगू नये. नोटीस आपल्या नावाने येते.
5. नव्या नक्षीचे कच्चे कागद तारीख घालून जपून ठेवावेत, आणि नोंदणीचा अर्ज गेल्याशिवाय फोटो कोणाला पाठवू नये.

शालीचा धंदा मी सोडला नाही. दुसऱ्या वर्षी मकबऱ्यावर फोटो काढण्याच्या नियमांची आधी चौकशी केली. मग शहरातल्या एका होतकरू मुलाला दिवसाचे पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि साध्या कागदावर मजकूर लिहून दोघांनी सह्या केल्या. त्या मुलाला दिलेली रक्कम मी भरलेल्या भरपाईच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नव्हती. तो कागद आज माझ्या दुकानाच्या परवान्यासोबत त्याच फाइलमध्ये लावलेला आहे.